टाइम ऑफिस सोडून ट्रेनिंगला जावं का? कारखान्यातल्या ट्रेनिंगच्या कामाबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत तुम्ही चार वर्षं एचआरमध्ये आहात. टाइम ऑफिस (हजेरी आणि ओव्हरटाइमचा हिशेब), कंत्राटदारांची बिलं, पीएफ-ईएसआयचे कागद असं काम. आता ट्रेनिंग विभागात जागा निघालीय. साहेब म्हणतात जा, सहकारी म्हणतात ट्रेनिंग म्हणजे बाजूला टाकणं. त्या कामात नेमकं काय असतं, पुढे वाव आहे का आणि कोणता कोर्स करावा, हे तुम्हाला हवंय.

जा. फक्त एसी हॉल, प्रोजेक्टर आणि पाहुण्या ट्रेनरचं स्वागत एवढंच डोळ्यांसमोर असेल, तर तुमचे सहकारी बरोबर बोलतायत. मी भोसरी-चाकण पट्ट्यात आधी एचआर आणि नंतर बरीच वर्षं ट्रेनिंग केलंय. माझ्या डोळ्यांदेखत या विभागातली काही माणसं प्लँट हेडच्या सकाळच्या मीटिंगपर्यंत पोचली आणि काही निवृत्तीपर्यंत हजेरीपत्रकंच फाइल करत राहिली. हुशारीत फारसा फरक नव्हता. पहिली माणसं दिवसातला निम्मा वेळ शॉपवर, म्हणजे मशीनच्या जागी, असायची, दुसरी ऑफिसात.

बदनामी कशामुळे झाली ते आधी समजून घ्या, कारण तुम्हाला तोच कारभार हातात मिळणार आहे. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्या विभागप्रमुखांना टीएनआयचा (ट्रेनिंग नीड आयडेंटिफिकेशनचा) फॉर्म जातो. कुणाला काय शिकवायची गरज आहे ते त्यात लिहायचं. विभागप्रमुख तो दोन स्मरणपत्रांनंतर चहा पिता पिता भरतात: कम्युनिकेशन स्किल, टाइम मॅनेजमेंट, टीम बिल्डिंग, ॲडव्हान्स एक्सेल. गेल्या वर्षीचा फॉर्म काढून पाहा, बहुधा हेच शब्द याच क्रमाने सापडतील. त्यावरून कॅलेंडर बनतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रॉडक्शनचा फोन येतो, "डिस्पॅच अडकलंय, माणसं सोडता येणार नाहीत." मग ज्यांचं मशीन ब्रेकडाउनला आहे ते, ज्यांना डॉक्टरने हलकं काम सांगितलंय ते, आणि दोन ट्रेनी असे वीस जण हॉलमध्ये बसतात. संध्याकाळी फीडबॅक फॉर्म गोळा होतात. जेवण चांगलं असेल तर पाचपैकी साडेचार, गुलाबजाम असतील तर पावणेपाच. महिनाअखेरीला एमआयएसमध्ये, म्हणजे वर जाणाऱ्या अहवालात, ट्रेनिंगचे मॅन-अवर्स (माणसं गुणिले तास) जातात आणि फाइल ऑडिटसाठी कपाटात जाते. या सगळ्यातून मशीनवर काय बदललं, हे कुणी कुणाला विचारत नाही.

म्हणून या कामातलं पहिलं कसब शिकवण्याचं नाही. मागितलेलं ट्रेनिंग खरंच लागतंय का, हे ओळखण्याचं आहे.

एक प्रसंग जवळून सांगते. एका कंपनीत बोअरच्या, म्हणजे पार्टमधल्या भोकाच्या, मापाचं रिजेक्शन वाढलं होतं आणि त्यातलं बहुतेक दुसऱ्या पाळीतलं होतं. क्वालिटीवाल्यांनी आमच्याकडे मागणी टाकली, "ऑपरेटरना क्वालिटी अवेअरनेसचं ट्रेनिंग द्या." हॉल बुक करण्याआधी मी संध्याकाळी सात वाजता लाइनवर जाऊन उभी राहिले. बोअर तपासायला एअर गेज, म्हणजे हवेच्या दाबावरून माप दाखवणारं साधन, होतं. एअर गेज मधूनमधून मास्टर रिंग (अचूक मापाची नमुना रिंग) लावून झिरो सेट करावं लागतं, कारण कॉम्प्रेसरवरचा लोड बदलला, हवेचा दाब हलला, की रीडिंग सरकतं. सकाळच्या पाळीतली मुलं दर दोन तासांनी सेट करत होती. दुसऱ्या पाळीतला मुलगा करत नव्हता. का, विचारलं तर म्हणाला, "मास्टर स्टँडर्ड रूममधे असतो, आणि तिथले साहेब सहाला कुलूप लावून जातात." स्टँडर्ड रूम म्हणजे मापाचे नमुने ठेवायची खोली. एवढंच होतं. त्या मुलाला झिरो सेटिंग येत होतं. मी मास्टर आणून दिल्यावर त्याने माझ्यासमोर मिनिटभरात करून दाखवलं. मास्टरचा दुसरा सेट घेऊन तो लाइन इन्स्पेक्टरच्या ताब्यात दिला आणि ट्रेनिंगची मागणी परत पाठवली. मॅन-अवर्स शून्य, रिजेक्शन मात्र खाली आलं.

तेव्हापासून मी प्रत्येक मागणीवर स्वतःला विचारते: उद्या कस्टमरचा माणूस शेजारी उभा राहिला, तर हाच ऑपरेटर हे काम बरोबर करेल का? करेल असं उत्तर आलं तर त्याला येतंय, अडचण दुसरीकडे आहे. गेज नाही, वेळ नाही, टार्गेट असं आहे की नियम पाळला तर आकडा निघत नाही, किंवा सुपरवायझरच "राहू दे, पुढे ढकल" म्हणतो. यातलं काहीही वर्गात बसवून सुटत नाही. आणि "करणार नाही, कारण त्याला माहीतच नाही" असं उत्तर आलं, तर ते तुमचं काम.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ट्रेनिंगला नकार देताना कारण आकड्यांसकट, एका पानात द्यायचं आणि ज्याच्या हातात तो उपाय आहे त्याच्याशी आधी बोलून घ्यायचं. नाहीतर "ट्रेनिंगवाले काम टाळतात" एवढंच पसरतं. मी स्टँडर्ड रूमच्या साहेबांना मेलच्या सीसीत ठेवण्याआधी त्यांच्या टेबलावर जाऊन चहा प्यायले होते.

आता शिकवण्याबद्दल. कारखान्यात एका माणसाने दुसऱ्याला हातातलं काम शिकवण्याची सगळ्यात पक्की पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत एकदम नवी माणसं घ्यावी लागली. त्यांना लवकर तयार करायला १९४० मध्ये ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, म्हणजे टीडब्ल्यूआय, हा सरकारी उपक्रम सुरू झाला आणि १९४५ पर्यंत चालला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला. टोयोटात आज ज्या शिस्तीने काम शिकवतात तिचं मूळ तिथे आहे. त्यातल्या जॉब इन्स्ट्रक्शनच्या चार पायऱ्या अशा: शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा आणि सांगा, त्याच्याकडून करून घ्या, मग सोडा पण लक्ष ठेवा. सुपरवायझरच्या खिशातल्या कार्डावर छापलेलं असायचं की कामगाराला आलं नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. आपल्याकडे "किती वेळा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही" म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून हे कार्ड मला आवडतं.

या चार पायऱ्यांआधीचं काम जास्त महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक ठिकाणी गाळतात. शिकवायचं काम आधी कागदावर फोडायचं: पायरी काय, त्यातली मेख काय, आणि ती तशीच का करायची. उदाहरण घ्या, शाफ्टवर ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी रिंग, बसवणं. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, एक ओळ असते, "ओ-रिंग बसवा." नवा मुलगा रिंग ताणतो, शाफ्टच्या थ्रेडवरून घासत नेतो, खाचेत सोडतो आणि पुढचा पीस घेतो. जुन्या माणसाच्या शेजारी उभ्या राहा. तो आधी थ्रेडवर प्लॅस्टिकची टोपी चढवतो. बोटाने रिंगला तेलाचा हलका हात फिरवतो. रिंग लोळवत नाही, सरळ सरकवत नेतो. खाचेत बसली की अंगठ्याने एक पूर्ण फेरी मारतो आणि मगच पीस पुढे ठेवतो. "अंगठा कशाला फिरवता, मामा?" विचारलं की उत्तर येतं, "पीळ पडला असला तर हाताला लागतो." टोपी नसली तर थ्रेडची धार रिंगला बारीक काप देते, तो डोळ्यांना दिसत नाही. पीळ राहिला तर पीस कधी लीक टेस्टला पकडला जातो, कधी तिथेही पास होतो आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत गळतो. टोपी, तेल, अंगठा ही मेख एसओपीत कुठेच नव्हती. ती मामांच्या हातात होती, आणि मामा दोन वर्षांत रिटायर होणार होते.

ट्रेनिंगच्या माणसाचा खरा उपयोग इथे होतो. मामांना वर्गात उभं केलंत तर ते गप्प होतात. त्यांना लाइनवर काम करू द्या, तुम्ही बघत लिहा, मध्ये मध्ये "असं का" विचारा आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. मग फोटो काढा आणि पत्रक मराठी-हिंदीत करा. आपल्याकडे अजून गंमत अशी की कागदपत्रं इंग्रजीत असतात, लाइनवर मराठवाड्यातला, विदर्भातला, बिहारमधला मुलगा असतो आणि त्यांचं आपसातलं बोलणं चाकणच्या हिंदीत चालतं. इंग्रजी पत्रक भिंतीवर ऑडिटरसाठी असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ऑडिटचा विषय निघालाच आहे तर त्याची बाजूही पाहा, कारण तुमच्या नव्या खुर्चीचा बराचसा अधिकार तिथूनच येतो. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत आणि वाहन उद्योगासाठीच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये कलम ७.२ हे सक्षमतेबद्दल आहे. माणसाला काम येतं हे ठरवा, येत नसेल तर उपाय करा, उपायाचा परिणाम तपासा आणि पुरावा ठेवा, असा त्याचा आशय. आयएटीएफमध्ये ऑन द जॉब ट्रेनिंगचं वेगळं उपकलम आहे आणि त्यात कंत्राटी माणसंही येतात. म्हणजे हजेरीपत्रक हा पुरावा अर्धाच. चांगला ऑडिटर फाइल बंद करून थेट ऑपरेटरकडे जातो आणि विचारतो, "हे माप चुकलं तर तू काय करशील?" तिथे तुमची फाइल काही बोलत नाही, तो मुलगा बोलतो.

परिणाम मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्या सगळीकडे सांगतात. १९५९ मध्ये त्यांनी त्या एका लेखमालेत मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामात वागणं बदललं का, निकालात फरक पडला का. आपले बहुतेक विभाग पहिल्या पातळीवर गुलाबजाम मोजत थांबतात. प्रत्येक कार्यक्रमाला चौथ्या पातळीपर्यंत नेण्याचा आटापिटा करू नका, वेळ पुरत नाही. वर्षातले दोन-तीन विषय निवडा, प्रॉडक्शनने स्वतः दुखतंय म्हणून सांगितलेले, आणि तेवढ्यांचा आकडा आधीचा-नंतरचा धरा. रिवर्क, सेटअपला लागणारा वेळ, नवा ऑपरेटर पूर्ण आकडा काढायला लागेपर्यंतचे दिवस, जे त्या शॉपमध्ये आधीपासून मोजलं जातं ते. ट्रेनिंगसाठी वेगळा मापदंड काढलात की त्यावर तुमच्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

पाहुण्या ट्रेनरांच्या स्लाइड्सबद्दल एक इशारा. "वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, पाहिलेलं ३० टक्के, केलेलं ९० टक्के" असा त्रिकोण कुणी दाखवला तर ते आकडे कुठून आले ते विचारा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला होता, त्यात टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कुणीतरी चिकटवली. "संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के" हाही असाच. मानसशास्त्रज्ञ मेहरेबियन यांचे १९६७ चे प्रयोग भावना व्यक्त करणाऱ्या सुट्या शब्दांबद्दल होते, तुमच्या टूलबॉक्स टॉकबद्दल, म्हणजे पाळीच्या सुरुवातीला उभ्या उभ्या होणाऱ्या बोलण्याबद्दल, नव्हते. माणसं बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि करून शिकणारी अशी वाटून प्रत्येकाला त्याच्या पद्धतीने शिकवलं तर जास्त फायदा होतो, या समजालाही भक्कम पुरावा नाही. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका मोठ्या आढाव्यात तो सापडला नाही. हे सगळं हॉलमध्ये भांडायला सांगत नाहीये. बजेट तुमच्या सहीने जाणार असेल, तर काय विकत घेताय ते कळावं म्हणून सांगतेय. मुळशीला नेऊन दोरीवरून चालवल्याने मेंटेनन्स आणि प्रॉडक्शनचं भांडण मिटल्याचं माझ्या पाहण्यात नाही. फोटो मात्र सुंदर येतात.

तुमच्या प्रश्नात करिअर डेव्हलपमेंट हा शब्द आहे आणि त्यावर जरा थांबते, कारण कारखान्यात हे सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. ऑफिसच्या लोकांसाठी आयडीपी (प्रत्येकाचा विकास आराखडा), सक्सेशन प्लॅन (कुणाच्या जागी पुढे कोण), इंटर्नल जॉब पोस्टिंग हे सगळं असतं. ऑपरेटरसाठी असतं ते भिंतीवरचं स्किल मॅट्रिक्स: नावापुढे गोल, पाव भरला म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. पद्धत उत्तम आहे. पण एकदा एका सीएनसीवाल्याने, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरने, मला मॅट्रिक्ससमोर उभं करून म्हटलं, "मॅडम, सगळे गोल भरले. पगार तोच." त्यावर मॅट्रिक्सच्या कुठल्याच रकान्यात उत्तर नव्हतं.

गोल भरण्याला ग्रेडची, भत्त्याची किंवा निदान पुढच्या संधीची जोड नसेल, तर दोन वर्षांत हुशार माणूस नवं मशीन शिकायला टाळाटाळ करू लागतो. त्याचं बरोबरच आहे. चार मशीन येतात म्हणून रोज त्यालाच इकडून तिकडे हलवतात आणि एकच मशीन येणारा एका जागी निवांत असतो. ही जोड ट्रेनिंग विभाग एकटा देऊ शकत नाही, ती वेतन करारात यावी लागते. आपल्या पट्ट्यात करार साधारण तीन वर्षांनी होतात. बोलणी सुरू होण्याआधी मल्टिस्किलचा मुद्दा, कोणत्या पातळीला काय द्यायचं आणि पातळी कोण ठरवणार हे सगळं लिहून एचआर हेडकडे द्या. पातळी ठरवताना युनियनचा माणूस सोबत घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक गोलावर वाद होतो. तुम्ही टाइम ऑफिसातून येताय, ओव्हरटाइम आणि ग्रेडची भाषा तुम्हाला येते. ट्रेनिंगमधल्या बहुतेकांना ती येत नाही. तुमची चार वर्षं वाया गेलीत असं तुमच्या पत्रात कुठेतरी ध्वनित होतं, तसं अजिबात नाही.

दुसरं, शिक्षणाच्या वाटा माहीत ठेवा, कारण ऑपरेटर तुमच्याकडे हेच विचारायला येणार आहे. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर थांबलेल्याला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. हे विद्यापीठ १९८९ पासून याच लोकांसाठी आहे आणि शॉपवरचे कितीतरी सुपरवायझर तिथलेच पदवीधर आहेत. ज्याला शिकवण्याची आवड आहे आणि हातात ट्रेड आहे, त्याच्यासाठी आयटीआयचा इन्स्ट्रक्टर होण्याचा सीआयटीएस अभ्यासक्रम आहे. मुंबईत चुनाभट्टीच्या एनएसटीआय या केंद्र सरकारच्या संस्थेत तो चालतो, पूर्वी त्या संस्थेला एटीआय म्हणत. फी, पाळी आणि परीक्षेची रजा या तीन गोष्टींवर या वाटा अडतात. परीक्षेच्या काळात पाळी बदलून देणं हे कंपनीला फुकटात पडतं, आणि तुम्ही सुपरवायझरशी बोललात तर ते होतं.

अप्रेंटिसचं काम बहुधा तुमच्याकडेच येईल. कायदा १९६१ चा. त्याच्या नियमांत २०१९ मध्ये झालेल्या बदलानंतर ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी धरून, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या एनएपीएस या केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला कमाल १५०० रुपये, सरकार देतं. पोर्टल, करार, परीक्षेचे अर्ज हे सगळं तुम्हाला पंधरा दिवसांत जमेल. अवघड आहे ते मुलाला एका जागी अडकू न देणं. कुठल्याही शॉपला स्वस्तातले दोन हात हवेच असतात. डिबरिंगला, म्हणजे पार्टच्या कडा घासायला, बसवलेला फिटर वर्ष संपेपर्यंत डिबरिंगच करतो आणि बाहेर पडताना त्याला काहीच आलेलं नसतं. म्हणून रोटेशनचा तक्ता प्लँट हेडच्या सहीने काढा, म्हणजे महिना बदलला की मूल हलवताना तुम्हाला भांडावं लागत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये पूर्वी "टेल्कोचा (आताच्या टाटा मोटर्सचा) अप्रेंटिस" एवढं सांगितलं की कारखानदार पुढचं विचारत नसत. ती पत विद्यावेतनामुळे आलेली नव्हती, बेंचवर फायलिंग घासून घेतल्यामुळे आली होती.

कंत्राटी मुलांबद्दल थोडक्यात. ती दिवाळीला जातात, लग्नसराईत जातात, शेजारच्या कंपनीत पाचशे रुपये जास्त मिळाले की जातात. त्यांना तीन दिवस हॉलमध्ये बसवून इंडक्शन देण्यापेक्षा पहिल्या दिवशी सुरक्षा आणि त्याच्या स्टेशनच्या तीन मेखा, मग आठवडाभर शेजारी एक जुना माणूस, हे जास्त टिकतं. जुन्या माणसाला त्या आठवड्यात आकड्यातून थोडी सूट मिळवून द्या. ती मिळाली नाही तर तो शिकवत नाही, मुलाला फक्त बाजूला उभं करतो.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा मालकाला ठरावीक अंतराने कार्यशाळा घ्यायला सांगतो. त्या कॅलेंडरमध्ये घालाच, आणि त्या पाळीतल्या बायकांपर्यंत पोचतील अशा वेळी घ्या.

आता तुमची स्वतःची वाढ. कारखान्यातल्या ट्रेनिंग विभागात पायऱ्या कमी असतात: कोऑर्डिनेटर, एक्झिक्युटिव्ह, मॅनेजर, आणि मोठ्या ग्रुपमध्ये वर एक हेड. मधल्या पायरीवर बरेच जण अडकतात. तिथून पुढे जाण्याच्या मला दिसलेल्या वाटा अशा: प्लँटचा एचआर हेड होणं, त्यासाठी तुमचं टाइम ऑफिस आणि औद्योगिक संबंधांचं ज्ञान जिवंत ठेवावं लागतं, कंपनीच्या डोजो सेंटरची (हाताने सराव करून घेणाऱ्या केंद्राची) किंवा लीनची (वाया जाणारं काम कमी करण्याच्या पद्धतीची) जबाबदारी घेऊन उत्पादनाकडे सरकणं, किंवा क्षेत्र बदलणं. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत हेच काम वेगळं दिसतं. तिथे फ्रेशरच्या बॅचेस, सर्टिफिकेशन आणि सॉफ्टवेअरवर चालणारे कोर्स असतात. मैसूरचा इन्फोसिसचा प्रचंड ट्रेनिंग कॅम्पस हे त्याचं टोक. पुण्यात बाणेर रस्त्यावर राज्य सरकारची प्रशिक्षण संस्था यशदा आहे, बँकांच्या लोकांसाठी एनआयबीएम ही संस्था आहे, तिथेही प्रशिक्षणाची माणसं लागतात, पण आत शिरण्याची पद्धत निराळी. स्वतंत्र ट्रेनर होणं हे लांबून छान दिसतं. मानधन चांगलं असतं, पण बिल पास व्हायला तीन-तीन महिने लागतात आणि मंदीत कंपन्या सगळ्यात आधी हाच खर्च कापतात. हातात निदान दोन कायमचे क्लायंट आणि वर्षभराची शिल्लक असल्याशिवाय नको.

कोर्सबद्दल. एमपीएम (मास्टर इन पर्सोनेल मॅनेजमेंट) किंवा तत्सम पदवी तुमच्याकडे असेलच. नसेल तर आधी ती, कारण एचआरच्या जागांना तीच चाळणी लावतात. त्यावर इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट, १९७० पासूनची संस्था, हिचा ट्रेनिंगमधला डिप्लोमा नोकरी करत करता येतो आणि उद्योगात ओळखला जातो. दोन दिवसांत "मास्टर ट्रेनर" करून देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. त्या प्रमाणपत्राकडे बघून कुणी कुणाला घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. कोर्सपेक्षा पहिल्या सहा महिन्यांत या गोष्टी शिका: ड्रॉइंग वाचणं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर स्वतः धरून माप घेणं, कंट्रोल प्लॅन, म्हणजे काय, कशाने आणि किती वेळा तपासायचं याचा कागद, कुठे असतो आणि त्यात काय लिहिलेलं असतं. क्वालिटीतल्या कुणाला तरी विनंती करा, ते आनंदाने शिकवतात. ज्या बाईला किंवा माणसाला पार्ट हातात धरून बोलता येतं, तिचं शॉपवर ऐकतात. बाकीच्यांना "एचआरवाले आले" म्हणतात आणि काम चालू ठेवतात.

होकार देण्याआधी साहेबांना तीन गोष्टी विचारा. विभाग कुणाला रिपोर्ट करतो? प्लँट हेडला किंवा त्याच्या जवळच्या कुणाला असेल तर उत्तम. ॲडमिनला, कँटीन आणि गाड्यांच्या जोडीने असेल, तर कामही तसलंच मिळेल. बजेट कुणाच्या सहीने खर्च होतं आणि त्यात प्रॉडक्शनचा वाटा आहे का? ज्या कार्यक्रमाचे पैसे त्यांच्या खात्यातून जातात त्याला ते माणसं सोडतात. आणि ट्रेनिंगचा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत जातो का? बहुतेक ठिकाणी उत्तर "जनरल शिफ्ट" असंच येईल. तसं आलं तर महिन्यातला एक आठवडा दुसऱ्या पाळीची परवानगी मागून घ्या, आणि रात्री घरी सोडणाऱ्या गाडीचंही त्याच वेळी बोलून ठेवा, कारण नंतर ती मिळत नाही.